बाटली घरात आलेलीच असते : काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

‘बाळासाठी दुधाची बाटली घेताना’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते मी तीन-चारदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही 30 वर्षं आरोग्यसेविका होतात. तुमचं म्हणणं असं, की “बाटली बंद करा हे सांगण्यात माझी हयात गेली आणि तुम्ही ती कुठली घ्यावी ते शिकवताय. जुलाबाने सुकून गेलेली बाळं तुम्ही पाहिलेली नाहीत. वाटी-चमच्यावर एक ओळ आणि निपलवर पाच परिच्छेद. हा प्रचार नाही तर काय? याला कायद्याने बंदी आहे, हे तरी माहीत आहे का?”

आधी जे खरं आहे ते मान्य करते. वाटी-चमच्याला मी एक ओळ दिली, ही चूक झाली. ज्या बाळाला काही कारणाने अंगावर पाजता येत नाही, त्याला वाटीने, चमच्याने किंवा आपल्या जुन्या, चोच असलेल्या बोंडल्याने पाजणं बाटलीपेक्षा चांगलं. कारण साधं आहे. वाटीला कोपरे नाहीत, भोक नाही, खाच नाही. बोट फिरवलं की ती स्वच्छ झाली की नाही ते कळतं. बोंडल्याची तेवढी चोच बघून घासावी लागते. माझा मुलगा 2013 मध्ये दिवसांच्या आधी झाला, तेव्हा त्याला दूध ओढायची ताकद नव्हती. दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला दुपट्यात गुंडाळून मांडीवर जवळजवळ बसतं केलं, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवली आणि दूध ओठापर्यंत येईल एवढीच वाटी कलती केली. ओतलं नाही. मांजराच्या पिल्लासारखी जीभ बाहेर काढून तो ते घेऊ लागला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तरी लेखात लिहिलं नाही. काल रात्री लेख दुरुस्त केला. आता वाटी-चमचा पहिला येतो, बाटली नंतर.

कायद्याचं म्हणाल तर तो मला माहीत आहे. 1992 चा कायदा आणि त्यातली 2003 ची दुरुस्ती बाळाच्या दुधाच्या पावडरीची, बाटलीची आणि बाळाच्या डबाबंद खाण्याची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला, दवाखान्यांतून त्यांचा खप वाढवायला मनाई करते. फार चांगला कायदा आहे. म्हणूनच लेखात मी एकाही कंपनीचं नाव घेतलेलं नाही, कुणाकडून एक रुपया किंवा एक बाटली घेतलेली नाही, पुढेही घेणार नाही. पण घरात असलेली बाटली कशी धुवायची हे आईला सांगणं म्हणजे बाटली खपवणं, हे मला पटत नाही. तसं का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी शिक्षिका आहे. आमच्या वर्गातली, सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजर राहायची, म्हणून मी तिच्या घरी गेले. आई विड्या वळते. त्या दिवशी ती वळलेल्या विड्या द्यायला गेली होती आणि ही दहा वर्षांची मुलगी चार महिन्यांच्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. हातात बाटली. बाळ रडलं की ती “पालू, पालू” (तेलुगूत दूध) म्हणत निपल त्याच्या तोंडात द्यायची. मी बाटली हातात घेतली. बाहेरून लखलखीत होती, पोरीने राखेने घासली होती. निपल बसवायची रिंग फिरवून काढली, तर आतल्या आट्यांमध्ये दह्यासारखा पिवळट थर, बोटाला चिकटणारा, आंबूस वासाचा. निपलच्या टोकाशी आतून काळपट कड. “रिंग निघते हेच मला माहीत नव्हतं, मॅडम,” असं ती म्हणाली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या आईलाही नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाने “बाटली वाईट, बंद करा” एवढंच सांगितलं होतं, आणि आईने ती लपवायला सुरुवात केली होती. तुमच्यासारखं कुणी आलं की बाटली सुपाखाली जायची.

काकू, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आपण गप्प बसलो म्हणून बाटली घरातून जात नाही. फक्त ती घाण राहते.

आणि आणखी एक. तुमच्या प्रतिक्रियेत बाटली आणि पावडर एकच धरलीय, ती एक नाही. बाटलीत आईचंच काढून ठेवलेलं दूध असू शकतं. माझ्या वेळी बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांची होती; ती 26 आठवड्यांची झाली 2017 मध्ये. तीन महिन्यांचं बाळ आईकडे ठेवून मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत सामानाच्या खोलीत दार लावून दूध काढायचे. ते दूध बर्फाच्या पिशवीत घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी आई ते बाळाला पाजायची. आधी वाटीने पाजलं, मग बाटली आली, कारण आईचा हात थरथरायचा आणि अर्धं दूध सांडायचं. सांडलेल्या त्या दुधाकडे बघून मला रडू यायचं. स्वतःचं अंगावरचं, नाहीतर स्वतःचं काढलेलं, ते नसेल तर दुग्धपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, आणि हे काहीच शक्य नसेल तेव्हा पावडर, असा क्रम आहे. 1989 मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली, ती याच विचाराने. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, यावर तुमचं-माझं दुमत नाहीच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 ला गेला की आजी हमखास म्हणते, “लेकराच्या घशाला कोरड पडली असेल, दोन चमचे पाणी द्या.” नको. तहानेपुरतं पाणी आईच्या दुधात असतं. बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायचं.

आता निपलवरच्या पाच परिच्छेदांबद्दल. ते मी का लिहिले ते ऐका. माझा मुलगा बाटली तोंडात घेतली की दोन मिनिटांत दमायचा आणि चिडायचा. आईने काय करावं? सुई गॅसवर लाल केली आणि निपलचं भोक मोठं केलं. तिच्या पिढीत सगळ्याच असं करायच्या. त्या दुपारी दूध धारेने आलं, त्याला जोराचा ठसका लागला, ओठ निळसर पडले. मी पालथा धरून पाठीवर थापट्या दिल्या तेव्हा तो रडला. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून मी पुन्हा सांगते, सुई लावायची नाही. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. लहान बाळाला सगळ्यात हळू येणारं निपल. चिकट झालेलं, फुगलेलं, चिरलेलं निपल त्याच दिवशी टाकायचं.

बाटली निवडताना मी रंग, चित्रं, कान असलेली झाकणं यांकडे बघतच नाही. तोंड रुंद हवं, भिंत सरळ हवी, भाग कमी हवेत. पोटात वारा जाऊ नये म्हणून आत नळी आणि झडप असलेल्या बाटल्या येतात. ज्या घरात नळाला चार दिवसांआड पाणी येतं तिथे त्या नळ्या रोज कोण धुणार? प्लॅस्टिकची घेतली तर आयएसआय चिन्ह आणि आयएस 14625 हा आकडा बघायचा. त्या मानकात बीपीए हे घातक रसायन असलेलं प्लॅस्टिक चालत नाही. आतून ओरखडे पडले की बदलायची, कारण ओरखड्यात दूध बसतं. काच स्वच्छ राहते पण मोठं भावंड पाजत असेल तर नको. स्टीलची टिकते, पण आत किती उरलंय ते दिसत नाही.

धुण्याबद्दल मात्र मी लांबण लावणार, तुम्हीही लावाल. पाजून झालं की लगेच सगळे भाग सुटे करून विसळायचे. वाळलेलं दूध मग निघत नाही. साबणाचं पाणी, बाटलीचा वेगळा ब्रश, निपल उलटं करून घासायचं आणि भोकातून पाणी दाबून काढायचं. मग पातेल्यात सगळं पूर्ण बुडेल एवढं पाणी, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकण ठेवून उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं. काढायचं तेही उकळलेल्या चिमट्याने. आणि पदराने पुसायचं नाही! सगळं नीट करून शेवटी पदराने पुसलेली बाटली मी कितीतरी घरांत पाहिली. आपोआप निथळू द्यायची. बोअरच्या पाण्याने पांढरा थर धरतो. पातेल्यात लिंबाची फोड टाकली की तो कमी होतो. ड्रममधलं पाणी असेल तर आधी गाळून घ्यायचं. आणि विड्या वळणाऱ्या आयांनी बाळाला घ्यायच्या आधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. तंबाखूची धूळ बोटांवरून बाटलीवर जाते, अंगावर पाजताना छातीवरही जाते.

पावडरीच्या दुधात दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. एक, पावडर जंतुविरहित नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो, आणि तान्ह्या बाळाला, त्यातही दिवसांआधी झालेल्या बाळाला, तो मेंदूपर्यंत पोचून मारू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी 70 अंशांपेक्षा थंड नको. उकळून झाकून ठेवलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, पावडर मिसळायची आणि मग बाटली गार पाण्यात धरून निववायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. केलेलं दूध दोन तासांपुढे नाही, आणि बाळाने तोंड लावलेलं उरलं तर ओतून द्यायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात मी तर म्हणते, लागेल तेव्हाच करा. दोन, पातळ करायचं नाही. डबा महाग, म्हणून आठवड्याचा डबा पंधरा दिवस पुरवणाऱ्या आया मला भेटल्या आहेत. बाळ पोट भरल्यासारखं झोपतं आणि वजन वाढत नाही. बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं असतं. आपल्या डब्यावर लिहिलंय तेच धरायचं, आणि पाणी आधी, पावडर नंतर. म्हशीच्या दुधात पाणी घालून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देणं तर अजिबात नको.

पाजण्याचं थोडक्यात. बाळ आडवं नको, अर्धं बसतं हवं. बाटली जवळजवळ आडवी, मधे मधे थांबून, ढेकर काढून. बाटलीला उशी टेकवून निघून जायचं नाही. बाळाने तोंड फिरवलं की झालं. तळाशी उरलेलं अर्धं बोट दूध त्याच्या पोटात गेलंच पाहिजे असं काही नाही. वर्षाच्या आसपास पेला सुरू करून बाटली सुटावी, नाहीतर तोंडात बाटली घेऊन झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात.

तुम्ही लिहिलंत की मी सुकलेली बाळं पाहिली नाहीत. तुमच्याइतकी नाहीच पाहिली. तुम्ही ओआरएसची पाकिटं घेऊन वस्त्यांमधून फिरलात, त्या अनुभवापुढे मी काही बोलू शकत नाही. पण त्या मुलीच्या घरी त्या दिवशी मी “बाटली फेक” म्हटलं असतं, तर संध्याकाळी तीच बाटली, तोच थर, तेच दूध. मी तिच्याबरोबर चुलीपाशी बसले. रिंग कशी काढायची ते तिने तीनदा करून पाहिलं. दहा मिनिटं मोजायला घड्याळ नव्हतं, तर ती बेचे पाढे म्हणत बसली. तोवर तिची आई आली. आधी घाबरली, मग पदर सावरून शेजारी बसली. तेव्हाच तिला विचारलं, दिवसातून किती वेळा अंगावर घेतेस? “रात्रीच, दिवसा विड्या.” दुपारी एकदा तरी घेऊन बघ म्हटलं, सूप बाजूला ठेवून, आडवं पडून, कमरेलाही आराम. बाटलीची लाज गेली म्हणून ती हे बोलू शकली. पुढच्या महिन्यात बाटली दिवसातून दोनदाच उरली होती, आणि मुलगी शाळेत जास्त दिवस दिसू लागली. घरी पाणी भरायच्या दिवशी अजूनही येत नाही, ते दुखणं वेगळं.

काकू, एक विनंती आहे. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, आणि मुलांना न्यायला येणाऱ्या बऱ्याच आयांच्या कडेवर तान्हं बाळ असतं. त्यांच्यातल्या आठ-दहा जणींना मी थांबायला सांगू शकते. वाटीची कड ओठावर कशी टेकवायची ते माझ्यापेक्षा तुमच्या हाताला जास्त माहीत आहे. तुम्ही वाटी-चमचा आणि जमलं तर बोंडलं घेऊन या. मी पातेलं, चिमटा आणि एक बाटली आणते. आधी तुम्ही दाखवा. मग ज्यांच्या पिशवीत बाटली असेल त्यांनी ती बाहेर काढावी, आणि आपण दोघी मिळून रिंग फिरवून बघू.