तो आडवा खांब ओलांडू नका

आज सकाळी आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक ट्रॅक आला, म्हणजे फोनवर उतरवून घ्यायचा सायकलचा मार्ग. पूर्व जर्मनीतल्या झेन्फ्टनबर्ग स्टेशनपासून सुरू, तलावांच्या मागच्या बाजूने, सगळा कच्चा रस्ता, ‘अजिबात गर्दी नाही’ असं वर लिहिलेलं. खाली अंगठ्यांची रांग. मी नकाशा मोठा करून बघितला आणि हातातला चहा तसाच गार झाला.

गर्दी नाही, कारण तो रस्ता बंद आहे! तिसऱ्या फोटोत लाल-पांढरा आडवा खांब दिसतोय, त्यावरची पाटी दिसतेय, आणि आपला मित्र त्याच खांबाला सायकल टेकवून हसतोय. पाटीवर ‘लेबेन्सगेफार’ लिहिलंय. जिवाला धोका. जर्मनीत येऊन दहा-दहा वर्षं झालेल्या लोकांना हा शब्द वाचता येत नाही, असं मला कुणी सांगू नये.

मला राग येतोय कारण पाच वर्षांपूर्वी मी हेच केलंय. खडीवर चालवायची नवी ग्रॅव्हल बाईक, चाळीस मिलिमीटरचे रुंद टायर, त्यातली हवा मुद्दाम कमी केलेली, ड्रेस्डेनहून सकाळची ट्रेन पकडलेली. झेन्फ्टनबर्गच्या तलावाची फेरी डांबरी आहे, लहान मुलंही आरामात करतात. मला खडी हवी होती. म्हणून पुढच्या तलावांकडे गेलो, पाइनच्या जंगलातून, वाळूत चाक रुतवत, आणि असाच एक खांब आला. सायकल उचलून पलीकडे ठेवली. एक पाय पलीकडे टाकला, तेवढ्यात मागून हाक आली.

सत्तरीच्या पुढचे आजोबा होते, सोबत म्हातारा कुत्रा. ओरडले नाहीत. जवळ आले आणि म्हणाले, “पोरा, ही माती मी टाकलीय. माझा तिच्यावर भरवसा नाही.”

मी तसाच उभा राहिलो.

खाणीत माती मागे टाकणारं जे अवाढव्य यंत्र असतं, त्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते आपल्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं. लाउझिट्झचा हा सगळा पट्टा लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणींचा. वरची माती काढायची, कोळसा घ्यायचा आणि ती माती मागच्या रिकाम्या खड्ड्यात ओतत पुढे सरकायचं. ती कुणी चोपली नाही, दाबली नाही. खाण चालू असेपर्यंत पंप पाणी उपसत होते, म्हणून ती कोरडी राहिली. १९९० नंतर एकेक खाण बंद होत गेली, उपसा कमी झाला आणि भूजल परत वर चढायला लागलं. उरलेल्या खड्ड्यांत पाणी भरून हे तलाव झाले. सैल वाळूत पाणी भरलं की वरून सगळं ठणठणीत दिसतं. बर्चची झाडं उगवतात, गवत येतं, हरणं फिरतात. आणि एखाद दिवशी जरासं निमित्त होतं आणि अख्खा काठ पातळ होऊन वाहून जातो.

ही पुस्तकातली गोष्ट नाही. जुलै २००९ मध्ये पूर्व जर्मनीतल्याच नाख्टरश्टेट गावात खाणीच्या तलावाचा काठ घरांसकट खाली गेला, तीन माणसं गेली. ऑक्टोबर २०१० मध्ये होयर्सवेर्डाजवळ मेंढ्यांचा कळप आणि ट्रक जमिनीने गिळले. आणि आपण जिथे पोरांना पोहायला नेतो तो झेन्फ्टनबर्गचा तलाव? १९७३ पासून लोक तिथे सुट्टीला येतात, तरी २०१८ मध्ये मधल्या बेटाचे काठ घसरले आणि तलाव बंद करावा लागला. म्हणजे पाणी भरून अर्धं शतक होत आलं तरी माती बसलेली नव्हती.

सायकलच्या वजनाने काय होणार, असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारलंय. बहुतेक वेळा काही होणार नाही, मान्य. पण होईल तेव्हा सायकल वळवायला वेळ मिळणार नाही.

आणि हो, काही पाट्या फार वर्षं तशाच उभ्या आहेत, तेही खरं. म्हणून काय? जमीन दाबून घट्ट करायला तिथे लोक वर्षानुवर्षं खपतायत. कंप पावणाऱ्या लांब नळ्या जमिनीत खोल उतरवून इंच इंच वाळू बसवतात. त्यांचं काम होईपर्यंत आपल्याला थांबता येत नाही?

आजोबांचं बोलणं मला इतकं लागलं, कारण मी चंद्रपूरचा. लालपेठेत वाढलो. बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत. आमच्याकडे खाणीतून काढलेल्या मातीच्या डोंगराला सगळे ‘ओबी’ म्हणतात. आम्हा पोरांना त्या ओबीवर चढायचं फार वेड. बाबांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उचलला, तो मी ओबीवरून पोत्यावर बसून घसरत आलो त्या दिवशी. रात्री जेवताना म्हणाले, “ते डोंगर नाहीत रे. ती नुसती ठेवलेली माती आहे.” तेव्हा मला वाटलं, बाबा उगाच घाबरतात. २०२२ मध्ये घुग्घुसला एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातले वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला बाबाही आठवले आणि हे आजोबाही. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला जर्मन, आणि दोघं एकच गोष्ट सांगत होते.

त्या दिवशी आजोबांनी सायकल परत अलीकडे घ्यायला हात लावला. मग आम्ही ग्रोसरेशन गावाच्या तलावाच्या काठापर्यंत सोबत चालत गेलो. तिथला पाण्यात गेलेला धक्का जुन्या खाणयंत्राच्या हातापासून बनवलाय, तो त्यांनी हात फिरवून दाखवला. मग पाण्याकडे बोट करून म्हणाले, तिकडे ब्युकगेन गाव होतं. ऐंशीच्या दशकात खाणीसाठी पाडलं. त्यांच्या बायकोचं माहेर तिथलं. ती चर्चला कुठल्या गल्लीने जायची हेही त्यांनी सांगितलं. मला काय बोलावं सुचेना. मी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलो.

त्या काठाकडे ‘मस्त खडी’ म्हणून मला आता बघताच येत नाही.

ज्याने ट्रॅक टाकलाय त्याला: तू माझा मित्र आहेस, आणि ग्रुपमध्ये परवा आलेली पोरं तुझ्यावर विश्वास ठेवून ती रेघ फोनवर उतरवून घेतील. आज रात्रीच काढ. खडीच हवी असेल तर उघड्या रस्त्यांवर भरपूर आहे. झोर्नो कालव्याजवळच्या त्या गंजलेल्या लोखंडाच्या ३० मीटर उंच मनोऱ्यापर्यंत जाऊ, वरून आजूबाजूचे तीन तलाव दिसतात. शनिवारी सकाळी ९ ला झेन्फ्टनबर्ग स्टेशन. थालीपीठं मी आणतो. तू ये.