एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर, आणि त्या सात मिनिटांबद्दल

नमस्कार.

माझ्या एसएटीच्या क्लासवरचा, म्हणजे इथे अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी देतात त्या परीक्षेच्या क्लासवरचा, तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. तुमच्या चार तक्रारी आहेत. मॉक टेस्टला सात मिनिटं उशीर झाला म्हणून मुलीला दाराबाहेर बसवलं. बारा आठवड्यांत एसएटीचा स्कोअर 1290 वरून 1350 झाला, म्हणजे फक्त 60 नी वाढला. 1100 डॉलर घेऊन मॅडम फुकट मिळणाऱ्याच टेस्ट देतात. आणि पालकांना उडवून लावतात.

आधी माफी मागते. मुलगी त्या दिवशी तासाभराहून जास्त वेळ बाहेरच्या खोलीत बसून होती आणि मी तुम्हाला फोन केला नाही. तुम्ही तिला खाली सोडून गेला होतात, ती आत बसली असेल असंच तुम्हाला वाटलं असणार. फोन करायला हवा होता. ही चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

पण "दाराबाहेर बसवलं" हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. वाचणाऱ्याला वाटेल की पोरीला जिन्यात उभं केलं होतं. न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर किराणा दुकानाच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत टेबल आहे, हीटर आहे, पाण्याचा जग आहे. ती तिथे बसली होती. मी तिला चहा विचारला, ती नको म्हणाली. अंगातलं जॅकेटही तिने काढलं नव्हतं. इअरबड्सची डबी उघडायची, मिटायची, असं तिचं चाललं होतं. लॅपटॉप उघडला तेव्हा चार्ज 11 टक्के होता, म्हणून माझा चार्जर तिला दिला.

आता त्या सात मिनिटांचं. 12 एप्रिलच्या शनिवारची मॉक 8:30 ला सुरू होणार होती. 8:15 ला आत या, 8:30 नंतर दार उघडणार नाही, हे पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या पालकांच्या ग्रुपवर परत टाकलं होतं. ती 8:37 ला वर आली. पार्किंग मिळालं नाही असं तुम्ही म्हणता. ते खरंही असेल, शनिवारी या रस्त्यावर पार्किंगची काय अवस्था असते ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणूनच सव्वाआठ म्हणते.

तुमचं म्हणणं असं की परीक्षा लॅपटॉपवर असते, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, मग ती सात मिनिटांनी बसली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? प्रश्न रास्त आहे. मार्च 2024 पासून इथे एसएटी पूर्णपणे डिजिटल झाली, आणि तेव्हापासून बऱ्याच पालकांना असंच वाटतं. तर सांगते काय बिघडतं. रीडिंग-रायटिंगच्या पहिल्या मॉड्यूलला, म्हणजे त्या भागाच्या पहिल्या अर्ध्याला, 32 मिनिटांत 27 प्रश्न असतात, एका प्रश्नाला साधारण 71 सेकंद. त्या मॉड्यूलमध्ये मुलाचं कसं जातं त्यावर दुसरं मॉड्यूल अवघड येणार की सोपं ते ठरतं, आणि सोपं आलं तर वरचे गुण हाताबाहेर जातात. त्या अर्ध्या तासात दार वाजलं, खुर्ची सरकली, जुनी लाकडी जमीन करकरली की आतली अकरा मुलं माना वर करतात. पूर्वी मी उशिरा येणाऱ्यांना आत घेत असे. एकदा दाराजवळ बसणाऱ्या एका मुलाने टेस्ट संपल्यावर मला शांतपणे विचारलं, "मावशी, आज किती वेळा दार उघडलं?" त्या दिवसापासून मी बंद केलं. तुमच्या मुलीसाठी हा नियम मोडला असता, तर बाकीच्या अकरा पालकांना मी काय तोंड दाखवलं असतं?

आणि खऱ्या परीक्षेत यापेक्षा कडक आहे. पावणेआठला दार उघडतं, आठला बंद होतं. परीक्षा सुरू झाल्यावर कुणालाही आत घेत नाहीत. माझा एक विद्यार्थी असाच गेटवरून परत आला होता. त्याची आई गाडीत बसून मला फोनवर रडत होती आणि त्या मुलाला पुढची तारीख फायनल्सच्या तोंडावर मिळाली. मॉक टेस्टमध्ये मी नुसते प्रश्न सोडवून घेत नाही. सकाळी उठणं, पोटात काहीतरी जाणं, लॅपटॉप चार्ज करून आणणं, वेळेत येऊन बसणं, हे सगळं त्यात येतं, आणि यातलं निम्मं पालकांच्या हातात असतं. ते वाक्य मी त्या दिवशी, तुम्ही तिला न्यायला आलात तेव्हा, दारात म्हणाले आणि तुम्हाला ते लागलं. आवाज चढला असेल माझा. आत तिची परीक्षा अजून चालू होती, मी घाईत होते. पण म्हटलेलं मी परत घेत नाही.

दीड तासाने मी तिला स्वतंत्र बसवलं, 10:10 ला. पूर्ण 2 तास 14 मिनिटांची टेस्ट, मधली दहा मिनिटांची सुट्टी वेगळी. मुलं साडेअकराच्या आत गेली, मी साडेबारा वाजून जाईपर्यंत तिच्या एकटीसाठी थांबले. हे तुमच्या रिव्ह्यूत नाही. तुम्ही लिहायला हवं होतंत, एवढीच माझी अपेक्षा होती.

60 गुणांबद्दल थोडक्यात. मुलीच्या अभ्यासाचं बाकी काही मी इथे उघड करणार नाही, तिचं नाव तर नाहीच. पण खऱ्या परीक्षेची 3 मे ही तारीख मी निवडलेली नव्हती. फेब्रुवारीत मी म्हटलं होतं की शनिवारी एसएटी आणि लगेच सोमवारपासून एपीच्या, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या परीक्षा, दोन्ही एकदम मुलांच्या अंगावर येतं, 7 जून धरू या. तुमची कारणं होती, ती मी इथे मांडत नाही. ज्युनियर इयरचे, म्हणजे अकरावीचे, ग्रेड म्हणजे कॉलेजच्या अर्जासोबत जाणारे शेवटच्या पूर्ण वर्षाचे ग्रेड. एप्रिलमध्ये मुलं रात्री एकपर्यंत लॅब रिपोर्ट लिहीत असतात आणि शनिवारी सकाळी माझ्यासमोर बसून डोळे चोळतात. अशा वेळी 60 वाढले तर मी त्या मुलीला शाबासकी देईन. तुम्हीही द्या, तिने हा रिव्ह्यू वाचला असेल तर आजच द्या. 1350 म्हणजे सगळं संपलं असं नाही. एमआयटीने 2022 मध्ये आणि डार्टमथ, हार्वर्डने 2024 मध्ये स्कोअर पुन्हा सक्तीचा केल्याचं जाहीर केलं, त्यामुळे तुमची काळजी मला कळते. पण स्कोअर पाठवणं ऐच्छिक असलेली कॉलेजं अजून भरपूर आहेत, आणि बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांमधले त्या त्या भागाचे सर्वांत चांगले गुण एकत्र धरतात. 23 ऑगस्टची तारीख तिच्या हातात आहे.

फुकट टेस्टबद्दल: हो, एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवरच्या सराव टेस्ट फुकट आहेत आणि खान अकॅडमी ही शिकवणीची वेबसाइटही फुकट आहे. हे मी स्वतः पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. परीक्षा जे घेतात त्यांच्याच टेस्ट सरावाला चांगल्या, म्हणून त्या वापरते. 1100 डॉलर मी टेस्टचे घेत नाही. 48 तास शिकवण्याचे आणि प्रत्येक मुलाची प्रत्येक चूक वहीत उतरवून, ती का झाली हे त्याच्या शेजारी बसून बघण्याचे घेते. तासाला तेवीस डॉलर होतात. त्यातून भाडं जातं.

चौदा वर्षं मी हे करते आहे. जाहिरात कधी केली नाही, मराठी शाळेतल्या पालकांनी एकमेकांना सांगितलं तसतशी मुलं येत गेली. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून या आठवड्यात ऑगस्टच्या बॅचसाठी विचारणा केलेल्या दोन घरांनी परत फोन केला नाही. तुम्हाला दोष देत नाही, पण एका स्टारने काय होतं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

उशिरा आलेल्या मुलाच्या घरी लगेच फोन जाईल, हे ठरवलं आहे. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवता येते का तेही बघते आहे, आणि पालकांशी बोलायला आठवड्यात एखादा ठरावीक वेळ काढायचा विचार आहे.

मुलीच्या चुकांची वही अजून माझ्याकडे आहे, निळ्या कव्हरची. शेवटच्या दोन मॉकची पानं तिने बघितलेली नाहीत, आणि ऑगस्टला बसायचं असेल तर तीच पानं तिला सर्वांत उपयोगी पडतील. शनिवारी एकनंतर मी क्लासमध्येच असते. तिला पाठवा, किंवा तुम्ही येऊन घेऊन जा. त्याचे काही पैसे नाहीत.