आधी सड्यावर या, मग विमान घ्या

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

आमच्या वाड्यामागचं शेत भात कापून झालं की पोरांचं फुटबॉलचं मैदान होतं. आज तिथे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा दहा-अकराचा, वाढदिवसाला मिळालेलं फोमचं विमान हातात. रिमोट पोराकडे, वडील मोबाइलवर शूटिंगला. विमान सोडलं. माडांच्या शेंड्यापर्यंत गेलं, डावीकडे कललं आणि गोलकीपरपासून चार हातांवर आदळलं. पोर एवढं घाबरलेलं की थ्रॉटल (पंख्याचा वेग ठरवणारी दांडी) खाली घ्यायचंच विसरलं. पंखा मातीत घरघरत होता आणि गोलकीपर विमान उचलायला धावला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

वडील म्हणाले, "अहो, खेळणंच आहे ते. एवढं काय?"

खेळणं! १० इंची पंखा मिनिटाला ८,००० फेरे फिरला, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातो. बोटाचं काय होईल ते सांगायला हवं का?

सहा वर्षांपूर्वी मी डिचोलीकडच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) रिमोटची विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात पहिल्यांदा गेलो, तेव्हा मलाही ते खेळणंच वाटत होतं. तिथले काका (सगळे त्यांना काकाच म्हणतात) पहिले दोन रविवार मला रिमोटला हात लावू देईनात. उडवणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, वारा कुठून येतो ते सांगायचं, बस. तिसऱ्या रविवारी दोन रिमोट जोडणारी ट्रेनर केबल लावली, एक रिमोट त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मी गडबडलो की ते स्विच सोडायचे आणि विमान त्यांच्या ताब्यात. पुढे एकदा विमान पडलं, मी घरी सगळं चिकटवून, सर्वो (पंखाच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) बदलून ऐटीत घेऊन गेलो. बॅटरी जोडली. काका म्हणाले, "स्टिक उजवीकडे ने. अंगठा कुठे गेला? त्या बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर यायला हवा."

तो खाली गेला होता.

म्हणजे त्या दिवशी विमान सोडलं असतं, तर उजवीकडे म्हटल्यावर ते डावीकडे वळलं असतं, आणि डावीकडे गाड्या, डबे, दोन कुटुंबं बसलेली. काका ओरडले नाहीत. रिमोटमध्ये एलेरॉनची दिशा उलटवली आणि म्हणाले, "परत तपास." मी तीनदा तपासलं.

आज त्या शेतात हे विचारायला कोण होतं? दुकानदाराने डबा विकला, पैसे घेतले, संपलं. ही लिथियम बॅटरी पूर्ण भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा होतो, आदळून फुगलेली बॅटरी घरात ठेवली तर आग लागू शकते, हे त्याने सांगितलं? गोव्यात एकीकडे दाबोळी विमानतळ, दुसरीकडे मोपाचा. ड्रोन नियम २०२१ मध्ये विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, त्याहून जवळ तर कुठल्याच उंचीवर नाही. सांगितलं हे? वडिलांना मी विचारलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

कबूल, क्लब लांब पडतो, पहाटे उठावं लागतं आणि आमचे काही जुने लोक नव्याला उगाच झापतात. तेवढं आमचं चुकतं.

पण व्हिडिओ बघून हात बसत नाही हो. विमान आपल्याकडे तोंड करून येतं, तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याचं विमान पडतं ते बहुतेक तिथेच. काकांनी मला शिकवलं, "जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला स्टिक ने. पंखाला टेकू दे." एवढं एक वाक्य. पण ते अंगात भिनायला चार रविवार गेले, आणि चारही वेळा त्यांचं बोट स्विचवर होतं. आजच्या पोराच्या मागे कुणाचं बोट होतं?

ओरडून झाल्यावर वाईट मला त्याच पोराचं वाटलं. ते रडत नव्हतं. टी-शर्टच्या ओच्यात फोमचे तुकडे एक-एक वेचून घेत होतं, अगदी पांढरा चुरासुद्धा. माझ्याजवळ येऊन म्हणालं, "काका, आता हे परत उडेल?"

राग तिथेच उतरला. मी सगळं उलटं-सुलटं करून बघितलं. नाक तुटलंय, एक सर्वो गेलाय, पंख शाबूत आहेत. फेकायची गरज नाही. बॅटरी मात्र मी काढून घेतली, ती फुगली होती.

वडिलांनाही मग नीट समजावलं. ते चांगले आहेत. पोरासाठी हौसेने आणलं त्यांनी, शिकवणारं कुणी असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. निघताना "सॉरी" म्हणाले आणि माझा नंबर घेतला.

रविवारी सकाळी सातला दोघं सड्यावर येतायत, समुद्राचा वारा सुटायच्या आत. तुकडे घेऊन या म्हटलंय, नवीन काही घेऊ नका. काकांना आताच फोन केला. एक पोर आहे, हलका हात वाटतो, म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "केबल आण."

केबल बॅगेत टाकली आहे.