टाळी दोन हातांनी वाजते म्हणता, मग दुसरा हात कुठाय?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर तर तिघांनी टाकला. वर कुठेतरी नवजात बाळ सापडल्याची बातमी आणि खाली लांबलचक मजकूर. थोडक्यात असा की लग्नाआधी आई झालेल्या मुलीची कीव करू नका, टाळी दोन हातांनी वाजते, कायदे सगळे मुलींच्याच बाजूने आहेत, हे घरच्या संस्कारांचं फळ आहे, अशांना आधार दिला तर संस्कृती बुडेल, आणि बाळ टाकणारी बाई आई नसतेच. खाली शिकल्यासवरलेल्या माणसांचं "अगदी बरोबर", "शेअर करा". मला हे वाचून झोप लागली नाही म्हणून एकेक मुद्दा घेते.

टाळी दोन हातांनी वाजते. बरं, वाजते. पण त्या एवढ्या मोठ्या मजकुरात पुरुषाचा उल्लेख एकदाही नाहीये. मुलीने "तोंड काळं केलं", तिचं कॉलेज बंद, तिला रातोरात मावशीकडे नाहीतर मामाकडे पाठवायचं, धाकट्या बहिणीचं जुळलेलं स्थळ मोडतं, आईला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही. आणि त्याचं काय होतं? "वय होतं, पोरगा आहे, झाली चूक" म्हणतात, घाईघाईने त्याचं लग्न उरकतात आणि मुलीच्या आईशी बोलणं टाकलेले लोकच त्याच्या वरातीत नाचतात. चूक म्हणायची तर दोघांची म्हणा ना. तिचं पोट दिसतं आणि त्याच्या अंगावर काही खूण राहत नाही, सगळा निवाडा एवढ्यावरच होतो, त्यात नीतीबिती काही नाही. आणि मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर दोन हातांचा प्रश्नच येत नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात तिची संमती धरतच नाहीत, तो सरळ गुन्हा आहे.

कायदे मुलींच्या बाजूने. कागदावर आहेत, नाही म्हणत नाही. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्याच्या मनात पहिल्यापासूनच लग्न करायचं नव्हतं हे सिद्ध करावं लागतं. "करायचं होतं हो, नंतर घरच्यांनी ऐकलं नाही" एवढं तो म्हणाला की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं, कारण खोटं वचन वेगळं आणि मोडलेलं वचन वेगळं असं सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. लग्नाशिवाय झालेल्या मुलालाही बापाकडून पोटगी मागता येते, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. पण बाप नाकबूल झाला की डीएनए टेस्टसाठी अर्ज, मग तारखा, आणि रोजाने जाणाऱ्या बाईची प्रत्येक तारखेला मजुरी बुडते ती वेगळीच.

सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं की अविवाहित आईला बापाचं नाव न देता मुलाचं पालक होता येतं आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यायलाच पाहिजे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं. हे सगळं झाल्यावर मी एका ओळखीच्या मुलीबरोबर तिच्या लेकाच्या अ‍ॅडमिशनला गेले होते. क्लार्कने फॉर्म बघितला, वडिलांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मागच्या लायनीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वारले का सोडून गेले?" तिने जन्मदाखला पुढे केला, त्यावर फक्त तिचंच नाव. तो म्हणाला, असं चालत नाही, साहेबांना विचारावं लागेल. सगळ्या बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या, आणि ते पोरगं सगळं ऐकत होतं. कायदा हिच्याच बाजूने होता की.

संस्कार. यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कितीतरी कुमारी माता आहेत, वर्षानुवर्षं बातम्या येतात, पाहणी होते, आश्वासनं दिली जातात. बाहेरून आलेले ठेकेदार, व्यापारी, त्यांची माणसं कामाचं, पैशाचं, लग्नाचं आमिष दाखवतात आणि काम संपलं की निघून जातात. मुलगी गरीब, गाव आडवळणाचं, पोलीस स्टेशन लांब, समोरचा पैसेवाला. यात कोलाम आईबापांचे संस्कार कुठे कमी पडले ते मेसेज लिहिणाऱ्याने पोडावर जाऊन सांगावं. संस्कार तपासायचेच असतील तर त्या ठेकेदाराच्या घरचे तपासा.

संस्कृती बुडेल. १८६३ मध्ये पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा म्हणून जाहिरात लावली. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. तेव्हाही लोक हेच म्हणत होते. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी नवजात बाळाला मारल्याबद्दल शिक्षा झालेल्या सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून हाच जाब पुरुषांना विचारला होता, आणि आपण आज व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याही मागे गेलोय.

राहिला शेवटचा मुद्दा, बाळ टाकणारी आई नसतेच. बातमी नीट वाचा, "निर्दयी मातेविरुद्ध गुन्हा दाखल" असं असतं. बाळ टाकण्याच्या गुन्ह्याचं न्याय संहितेतलं जे कलम ९३, त्यात "बाप किंवा आई" असं दोघांचं नाव आहे, तरी निर्दयी पित्याचा शोध सुरू अशी बातमी मी तरी वाचलेली नाही. बाळाला उघड्यावर टाकणं भयंकर आहे, त्याचं समर्थन कोणीच करत नाही. पण बाथरूममध्ये एकटीने, तोंडात ओढणी कोंबून बाळंत झालेली एकोणीस-वीस वर्षांची पोर, जिला घरात कळलं तर जिवंत ठेवणार नाहीत याची खात्री आहे, तिला तिथपर्यंत कोणी ढकललं? "वेळेत पाडायचं होतं" म्हणणाऱ्यांना तरी माहितीय का, की १८ पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही, आईबापाची नाही? २०२१ च्या दुरुस्तीत "नवरा" जाऊन "जोडीदार" आलं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने २४ आठवड्यांपर्यंतची सवलत अविवाहित मुलींनाही आहे म्हणून सांगितलं, आणि तरी दवाखान्यात "मिस्टरांना घेऊन या" ऐकून मुली परत फिरतात.

आणि दिवस भरले असतील तर बाळ बाल कल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं. नाव गुप्त राहतं, नाइलाजाने सोपवलं म्हणून गुन्हा लागत नाही, विचार बदलायला ६० दिवस मिळतात. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला की पुढचं सांगतात. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर त्याच्या खाली ही एवढी माहिती तरी टाका, ग्रुपमधल्या कुठल्या घरात आत्ता कोणती मुलगी घाबरून बसलीय ते आपल्याला माहीत नसतं.