‘इको’ तंबू ठरवताना आधी मागची बाजू बघा

श्रीलंकेत जंगलाच्या कडेला आलिशान तंबूत राहायची आवड आता कोल्हापुरातही चांगली रुजली आहे. पण बुकिंग होतं ते पलंग, बाथटब आणि दिव्यांच्या माळांचे फोटो बघून. माझं मत स्पष्ट आहे: कॅम्प पर्यावरणाला धरून आहे की नाही, हे तंबूच्या मागं कळतं. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठं जातं, वीज कशावर चालते आणि खरकट्याचं काय होतं, ही चार उत्तरं फोनवर नीट मिळाली नाहीत तर तिथं पैसे घालू नयेत.

सगळ्यात मोठा घोळ एसीचा. कापडाच्या भिंतीत गारवा टिकत नाही, त्यामुळं कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. दीड टनी एसी रात्रीचे आठ तास चालला तर एका तंबूला दहा युनिटच्या आसपास वीज लागते. एक किलोवॅटचं सोलर पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे एका तंबूमागं अडीच किलोवॅटची पॅनेल आणि रात्रभर पुरेल एवढी बॅटरी. दहा तंबूंचा हिशोब तुम्हीच करा. एवढी सोय नसेल आणि तरीही ‘सोलर कॅम्पमध्ये एसी’ अशी जाहिरात असेल, तर मागं डिझेल जनरेटर आहे का, हे थेट विचारायचं. याउलट बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा ३० वॅटचा. रात्रभर चालला तरी पाव-अर्धा युनिट. तंबूला दुहेरी कापड, मध्ये वीतभर पोकळी आणि समोरासमोर जाळीच्या खिडक्या असतील तर पंख्यावर झोप लागते. ऐन उन्हाळ्यात दुपारी उकडणारच, ते गृहीत धरायचं.

पाण्याचंही तसंच. साधा शॉवर मिनिटाला बारा-पंधरा लिटर पाणी ओततो, हवा मिसळणारा सहा-सात लिटरवर भागवतो. श्रीलंकेतल्या विल्पत्तू नॅशनल पार्कसारख्या कोरड्या भागात हा फरक मोठा आहे. तिथले ‘विल्लू’, म्हणजे नैसर्गिक तळी, पावसावरच भरतात आणि उन्हाळ्यात जनावरं त्यावरच जगतात. आंघोळीचं पाणी कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून गाळून झाडांना सोडणारा कॅम्प चांगला. पण संडासात रोज ॲसिड किंवा ब्लीच ओतलं की सेप्टिक टाकीतले जीवाणू मरतात, टाकी तुंबते आणि घाण जमिनीत मुरते. फरशी चकाचक आणि ॲसिडचा वास दरवळतोय, अशा ठिकाणी मागं बहुतेक हाच प्रकार चाललेला असतो.

खरकट्याबद्दल मी सगळ्यात कडक आहे. श्रीलंकेतल्या अंपारा भागातल्या उघड्या कचरा डेपोवर प्लास्टिक खाऊन हत्ती मेल्याच्या बातम्या २०२२ साली जगभर आल्या. बुत्तल-कतरगामा रस्त्यावर हत्ती गाड्या अडवतात, कारण लोकांनी त्यांना खाऊची सवय लावली. तेव्हा गाडीतून केळं पुढं करायचं नाही, पोरांनी हट्ट केला तरी नाही. तंबूत चिवडा-लाडूची पिशवी ठेवायची नाही; माकडं चेन उघडतात आणि रानडुक्कर कापड फाडतं. घरून नेलेला फराळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात घट्ट झाकणाच्या डब्यात द्यायचा.

जेवणाबद्दल एक सूचना, विशेषतः शिरोळ-हातकणंगल्याकडच्या जैन मंडळींना. तिथल्या संबोलमध्ये, म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत, आणि काही भाज्यांतही सुक्या माशाचा चुरा घालतात. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘सुका मासा नको, कांदा-लसूण नको’ हे बुकिंग करतानाच लिहून कळवा. बाकीच्यांनी तिथं तांबडा-पांढऱ्याचा आग्रह धरू नये. नारळाच्या दुधातली भाजी आणि लाल तांदळाचा भात खावा; नारळ आणि तांदूळ तिथंच पिकतात.

हंगामात तर आपले लोक हमखास चुकतात. सगळे दिवाळीच्या सुट्टीत निघतात, आणि तिकडं नेमका तेव्हाच पावसाला जोर येतो. वाटा चिखलाच्या होतात, जनावरं पांगतात, कापडाला बुरशी धरते. मे ते सप्टेंबर कोरडा काळ. आपल्याकडं पंचगंगा पात्राबाहेर असते तेव्हा विल्पत्तूत तळी आटत आलेली असतात आणि बिबट्या पाण्यावर येतो. जून-जुलैत पालूची फळं पिकतात, म्हणजे आपली खिरणी. ती खायला अस्वलं झाडावर चढतात. श्रीलंकेतल्याच ‘याला’ नॅशनल पार्कचा पहिला ब्लॉक बिबट्यासाठी नावाजलेला असला तरी तिथं जीपची रांग लागते. १,३१७ चौरस किलोमीटरचं विल्पत्तू त्यापेक्षा निवांत आहे, म्हणून माझं मत विल्पत्तूला. फाटक सकाळी सहाला उघडतं. साडेपाचला जीपमध्ये बसलेलं बरं.

तंबूत वागायच्या गोष्टी थोड्या आहेत. पाऊस चालू असताना सुती कॅनव्हासला आतून हात किंवा बॅग टेकवू नका. टेकवली तिथूनच पाणी झिरपायला लागतं. चेन अडकली तर ओढाओढ न करता मेणबत्तीचं मेण घासा. अंधार पडल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंत सोबतीला रखवालदार हवाच. पांढरे दिवे रात्रभर जळत असतील तर विझवायला सांगा. वाटेपुरता गुडघ्याइतक्या उंचीचा, खाली तोंड केलेला पिवळा दिवा पुरतो.

हे सगळं लिहायचं कारण घराजवळचं आहे. राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य १९५८ पासूनचं, गव्यांचं घर. त्याच्या आसपास आता तंबू वाढताहेत. परदेशात हजारो रुपये मोजून आपण जी काळजी बघून येतो, ती इथं का मागत नाही? काँक्रीटचा चौथरा नको, लोखंडी खांबांवर लाकडी फळ्या टाका. पावसाचं पाणी खालून वाहून जातं. शोषखड्डा विहिरीपासून वीस मीटर तरी लांब घ्या. आंघोळीच्या पाण्यासाठी माणशी दोन चौरस मीटरचा, दोन फूट खोल खडीचा वाफा करा आणि त्यात कर्दळ लावा. मे-जूनमध्ये काजव्यांच्या दिवसात बाहेरचे दिवे बंद ठेवा, कारण काजवे उजेडाच्या खुणेनंच जोडीदार शोधतात. स्पीकर तर लावूच नका. आणि पाहुण्यांनी बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न सांडपाण्याचा विचारावा, नाश्त्याचा नंतर.