पणजोबा नेमके कोणत्या जिल्ह्यातले?

वंशावळ काढायची हे भाऊकीच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर ठरलं, म्हणजे काकांनी ठरवलं आणि बाकीच्यांनी हात जोडले. काकांचं म्हणणं असं की आपले पूर्वज उदगीरच्या लढाईत होते. 1760 ची लढाई, सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ती. मी विचारलं, काका, कोणत्या बाजूनं होते? तर त्यांनी नुसता अंगठा टाकला. तो होकाराचा होता का 'गप बस'चा, मला अजून कळलेलं नाही. तर हे सिद्ध करणारा कागद शोधायचा आणि घरात मला कॉम्प्युटर येतो म्हणून ते माझ्याच गळ्यात. बरं, मला एक्सेल येतं. उर्दू येत नाही, मोडी येत नाही, फारसीचं तर नावच नको.

आता आमच्या गावाची भानगड सांगतो. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके निजामाच्या काळात बिदर जिल्ह्यात होते, आमचं गाव त्यातल्याच एका तालुक्यात. 1956 ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात आलो आणि मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्र झाला, 1982 ला लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि आता तर उस्मानाबादचंही धाराशिव झालंय. एवढ्या सगळ्यात आमचं घर जागचं हाललं नाही. पणजोबा तर म्हणे एक यात्रा सोडली तर आठवडी बाजाराच्या पुढं कधी गेलेच नाहीत, पण त्यांचा कागद शोधायचा तर बिदर म्हणजे कर्नाटक, हैदराबादला तारनाक्याचं अभिलेखागार म्हणजे तेलंगणा, मग धाराशिव, मग लातूर. माणूस आयुष्यभर ओट्यावर आणि त्याचे कागद तीन राज्यांत.

त्यात 2023 ला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला, तेव्हापासून आपल्याकडं ज्याला त्याला खापरपणजोबा पाहिजेत. रेकॉर्ड रूम म्हणजे जत्रा झालीय नुसती, फक्त रेवड्या तेवढ्या नाहीत. लाल फडक्यात बांधलेले बस्ते, त्याच्यावर बोटभर धूळ, आणि सोडायला घेतला की चार जण खांद्यावरून वाकून बघायलेत, आमचं बी नाव बघा म्हणून. एका ऑफिसात मी 1954 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, मागितलं, तर टेबलावरचे साहेब वर न बघता म्हणाले,

"जुनं सगळं रझाकारात जळालं."

"साहेब, पोलीस ॲक्शन 1948 ला झाली, हा कागद तर 1954 चा आहे."

"मग पुरात गेला असंल."

"आपल्याकडं? पूर?"

साहेबांनी जरा विचार केला. "मग उधई," म्हणाले, आणि चहाला उठले. उधईला, म्हणजे वाळवीला, काय उत्तर देणार, उधई तर आहेच.

बरं, कागद मिळाला तरी साल लागत नाही. निजामाच्या कागदावर फसली साल, त्यात साधारण 590 मिळवायचे. देवाधर्माच्या कागदावर शके, त्यात 78. मी मोबाईलवर बेरजा करत बसायचो. आणि महिने? आजूर, दय, बहमन, इस्फंदार! म्हणून म्हटलं, जाऊ द्या कागद, जिवंत माणसाला विचारावं, आणि चुलत आजीकडं गेलो. आजी नव्वदीच्या पुढं आहे, निदान ती तसं म्हणते, आधार कार्डावर 1 जून आहे. अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनला येतो, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली तारीख, त्यामुळं खरी तारीख शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही. पण आजीचं कॅलेंडर पक्कं आहे. एक रझाकार, एक बहात्तरचा दुष्काळ, एक किल्लारीचा भूकंप, सगळ्यांचे जन्म, लग्नं आणि मयती या तीन खुंट्यांवर.

"आजी, पणजोबा कधी गेले?"

"रझाकाराच्या आदी की रे. ज्या साली आपली ढवळी म्हैस गेली."

म्हैस कधी गेली हे विचारलं तर आजीला म्हशीचं पूर्ण खानदान पाठ, ती कुणाकडून आणली, तिच्या आईला दूध किती होतं, सगळं. म्हशीची वंशावळ मी अर्ध्या तासात पूर्ण केली असती.

नावांचा तर वेगळाच घोळ. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळं कागदावर अमुक वल्द तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, त्याच्या खाली तमुक वल्द अमुक, त्याच्या खाली परत अमुक वल्द तमुक. आडनाव लिहायची गरजच वाटलेली नाही कुणाला, नुसतं साकिन म्हणून गाव. यातला आपला अमुक कोणता?

शेवटी त्र्यंबकेश्वरला काम झालं. तिथल्या गुरुजींनी फक्त गाव आणि आडनाव विचारलं, आत गेले, लांबलचक वही घेऊन आले आणि धडाधड नावं वाचायला लागले, पणजोबा, त्यांचे भाऊ, त्यांच्या बायका, सगळे. शके 1854 ला आले होते, म्हणजे 1932. मोडीत सही! मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. मग गुरुजी म्हणाले, पुढं लिहिलंय, गोदानाचे पाच रुपये पुढच्या खेपेला देऊ. पुढची खेप वहीत दिसत नाही. मी मुकाट्यानं पाचशे काढून दिले.

दुसरा पुरावा आजीच्याच पत्र्याच्या ट्रंकेत निघाला, एक उर्दू कागद, घडीवर फाटलेला. तो घेऊन गेलो उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या एका सरांकडं. सरांनी भिंग लावलं, उन्हात धरला, परत भिंग लावलं.

"देखो, ये नुक्ता है तो आपके परदादा हैं," सर म्हणाले, "और मक्खी बैठी थी तो कोई और है."

नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, खरवडून बघितला, निघाला नाही, म्हणजे पणजोबाच. फसली 1335, म्हणजे 1925 च्या आसपास. विषय काय, तर शेतसाऱ्याची बाकी, सोळा रुपये हाली सिक्का, म्हणजे निजामाचं चलन, ताबडतोब भरणे. म्हणजे माणूस कधी जन्मला, कधी गेला याची नोंद कुणाकडंच नाही, पण देणं लागत होता हे सरकारनं पण लिहून ठेवलं आणि देवाच्या दारातही. चांगलं वागून काहीच उपयोग नाही, रेकॉर्डवर यायचं तर उधारी पाहिजे.

मी दोन्हीचे फोटो ग्रूपवर टाकले. निळ्या खुणा पटापट झाल्या पण बोलेना कुणी. मग काकांनी लिहिलं, "हे आपले नसतील, नावं सारखी असतेत." त्यावर पुण्याच्या चुलतभावानं विचारलं की मग लढाईतले तरी आपलेच कशावरून, आणि काकांनी फुलांचे तीन फोटो टाकून विषय वर ढकलला.

रात्री त्यांचा फोन आला, एकदम हळू आवाजात.

"काय रे, ती हाली सिक्क्याची बाकी... आता व्याजासकट वारसाकडून तर घेत नसतेत ना?"

"नाही काका, तो सिक्काच बंद झाला."

"नक्की ना? मग असू दे. पण तलाठ्याला इचारत बसू नको उगं."