फोंड्यातली बेडरूमची भिंत: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला. रविवारी दुपारी तुमच्याकडे येऊन भिंतीला प्लास्टिक चिकटवून गेलो आणि मंगळवारी सकाळी परत येऊन ते काढून बघितलं. त्याआधी उत्तर लिहिणं मला बरोबर वाटलं नाही, म्हणून उशीर झाला.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात इथे देतो. मे महिन्याच्या शेवटी आम्ही तुमच्या फ्लॅटमधली बेडरूमची भिंत खरवडली, पुट्टी मारली आणि बुरशीरोधक रंगाचे दोन हात दिले. जुलै संपायच्या आत कपाटामागे पुन्हा काळे डाग आले. मुलाचा खोकला थांबत नाही, रात्री छातीत घरघर होते. कुत्रा सारखा शिंकतो. आम्हाला फोन केला तर "खिडक्या उघड्या ठेवा" एवढंच उत्तर मिळालं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की डब्यात खरंच बुरशीचं औषध होतं की साधाच रंग मारून पैसे घेतले.

रंग खरा होता, सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडला होता. पण त्यावर वाद घालत बसत नाही, कारण चूक डब्यात नव्हतीच. चूक माझ्या बघण्यात होती. बुरशीरोधक रंगातलं औषध रंगाच्या पापुद्र्यावर बुरशी धरू नये एवढंच काम करतं. मागून पाणी येत असेल तर पापुद्राच सुटतो, फुगे येतात, पोपडे पडतात आणि त्याच्या आडोशाला बुरशी वाढते. मी ओल्या भिंतीला रंग दिला. ती ओली आहे हे मला कळायला हवं होतं.

मंगळवारी काय दिसलं ते सांगतो, कारण ही तपासणी कोणीही घरी करू शकतो. हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी टेप लावायची आणि एक-दोन दिवस तसंच सोडायचं. खोलीकडच्या बाजूने दव आलं तर ओल खोलीच्या हवेतली. भिंतीकडच्या बाजूने आलं तर ती भिंतीतून येतेय. तुमच्या भिंतीवरच्या प्लास्टिकला वरून बोट फिरवलं तर कोरडं होतं, आणि आतून टाचणीच्या डोक्याएवढे थेंब. खालच्या टेपवर पाण्याची बारीक रेघ साचली होती.

मग मागच्या बाजूला जाऊन भिंत बाहेरून बघितली. तुमच्या खिडकीच्या छज्जाच्या वर, बीम आणि चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत जिथे मिळते तिथे केसाएवढी आडवी भेग गेली आहे. काँक्रीट आणि चिरा उन्हात सारखे फुगत नाहीत, म्हणून अशा सांध्यावर चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, मारूनच गिलावा करायचा असतो. तिथे ती मारलेली दिसत नाही. भिंत पश्चिमेची. नैऋत्येचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो तो सरळ त्या भेगेवर. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिऱ्याला भोकं असतात, तो पाणी पितो आणि फार सावकाश सोडतो. आपले आजोबा पावसाआधी घराच्या त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे ते याचसाठी.

मे महिन्यात या भिंतीला हात लावला तर ती कोरडीच लागणार, सात महिने ऊन खाल्लेली असते. पण एक खूण तेव्हाही होती. माझ्या माणसांनी जुनी पुट्टी काढली तेव्हा खाली पांढरी भुकटी निघाली होती. तो खार होता. पाणी भिंतीतून येतं, सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. मी ती भुकटी डोळ्यांनी पाहिली आणि जुनी पुट्टी समजून पुढे गेलो. मिरगाच्या आधी हातातली सगळी कामं उरकायची होती, आणि बाहेरून बघायचं म्हणजे झुला (दोरांनी टांगलेली फळी) लावायचा खर्च. तो तुम्हाला न विचारताच मी वाचवला.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती. तुम्ही लिहिलंय की भिंत खरवडली त्याच रात्री मुलाला पहिल्यांदा धाप लागली. मी माझ्या दोन्ही माणसांना विचारलं. त्यांनी जुनी काळी बुरशी पॉलिश पेपरने कोरडीच घासली होती. मुलाचा पलंग खोलीतच होता, त्यावर नुसती चादर टाकलेली. कुत्रा दारात झोपला होता. बुरशी कोरडी घासली की तिचे बीजाणू धुळीसारखे हवेत उडतात, तासन् तास तरंगतात, गादीत आणि पडद्यात बसतात. मेलेली बुरशीही निरुपद्रवी नसते, ॲलर्जी तिच्यानेही होते. खोली रिकामी करायची, दाराला प्लास्टिकचा पडदा लावायचा, भिंत ओली करून मगच खरवडायची, तोंडाला एन-९५ मास्क लावायचा, हे मला माहीत आहे आणि माझ्या माणसांना मी ते शिकवलेलं नव्हतं. याबद्दल तुमची आणि तुमच्या मुलाची मनापासून माफी मागतो.

मुलाला छातीच्या डॉक्टरांना नक्की दाखवा आणि घरात बुरशी आहे हे त्यांना आपणहून सांगा. न सांगितल्यास पावसाळी सर्दी म्हणून सोडून दिलं जाऊ शकतं. शिंका, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं हे नेहमीचं, पण ज्यांना दमा आहे किंवा दम्याकडे कल आहे त्यांना बुरशीने झटका येऊ शकतो. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी तर अशा खोलीत झोपूच नये, काही जणांच्या फुप्फुसात बुरशीचा संसर्गही होतो. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा गेला. २०२२ मध्ये चौकशीत स्पष्ट झालं की कारण घरातली बुरशी होती. त्याच्या वडिलांनी तक्रार केली होती तेव्हा त्यांना वरून रंग मारून घ्या असं सांगण्यात आलं होतं. मी रंगाचा धंदा करतो, त्यामुळे हे वाचल्यापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

"काळी बुरशी विषारी असते, प्रयोगशाळेत तपासून घेऊ का" असं तुम्ही रविवारी विचारलंत. माझं मत, तो खर्च करू नका. काळ्या दिसणाऱ्या बुरशी अनेक जातींच्या असतात, रंगावरून जात ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही अमुक इतकी बुरशी चालेल असा आकडा दिलेला नाही. जात कुठलीही असो, काढायची असते आणि पाणी बंद करायचं असतं.

कुत्र्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तो जमिनीलगत राहतो, हुंगत फिरतो, पाय चाटतो, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त धूळ पोटात आणि नाकात घेतो. लांब नाकाच्या कुत्र्यांना अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा नाकात संसर्ग होऊ शकतो. एकाच नाकपुडीतून घट्ट शेंबूड किंवा रक्त येऊ लागलं तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. गॅलरीत लव्हबर्ड्सचा पिंजरा दिसला, पावसाची झड आली की तो तुम्ही त्याच खोलीत आणता. तसं करू नका, आजच दुसऱ्या कोरड्या खोलीत हलवा. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि याच बुरशीचा त्यांना फार लवकर त्रास होतो. आणखी एक, भिंतीशी संबंध नसलेलं, पण आपल्याकडे घरोघरी होतं म्हणून सांगतो. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव पावसात दोन दिवसांत हिरवा पडतो आणि तो आपण कुत्र्याला टाकतो. बुरशीच्या पावाने कुत्र्याला थरथर सुटून झटके येऊ शकतात. तो कचऱ्यातच टाका.

खिडक्यांबद्दल. ते उत्तर आमच्या ऑफिसमधून गेलं होतं आणि जुलैत ते चुकीचं होतं. नोव्हेंबर ते मे खिडक्या उघडा, जरूर. पण भर पावसात बाहेरचीच आर्द्रता ८५-९० टक्के असते, ती आत घेऊन खोली कशी सुकणार? घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर बुरशीला जोर धरता येत नाही. तुम्ही दिवसा खिडकी उघडी ठेवता आणि रात्री एसी २२ वर लावता. ३० अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेतलं पाणी साधारण २७ अंशांनाच सुटू लागतं, म्हणजे थंड झालेल्या भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीवर ते रोज जमणार. तेव्हा एसी लावायचा तर खिडक्या आधीच बंद करून, आणि ड्राय मोडवर. बाथरूमचा एक्झॉस्ट अंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा. खोलीत स्टँडवर कपडे वाळत घालता ते तेवढे बंद करा. बादलीभर कपड्यांतून लिटर-दीड लिटर पाणी शेवटी त्याच हवेत जातं. हे तुमच्यावर ढकलत नाही, भेग बंद असती तरी एवढं लागलंच असतं.

आणि कृपा करून ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड पुन्हा एकत्र वापरू नका. डोळ्यांतून पाणी आलं, घसा जळला असं तुम्ही सांगितलंत, तो क्लोरीन वायू होता. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. टाइल्स, काच, लोखंड यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून पुसून कोरडी केली की पुरे. तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या माणसाने मास्क, हातमोजे घालून काढायला हरकत नाही. गिलाव्यात मुरलेली बुरशी ब्लीचने वरून पांढरी होते, आत राहते.

आम्ही काय करणार ते लिहून देतो. त्या भिंतीचे घेतलेले पैसे, मजुरीसकट, आज परत केले आहेत. बाहेरची भेग दोन दिवसांची उघडीप मिळाली की झुला लावून तात्पुरती सीलंटने बंद करू, त्याचा खर्च आमचा. पक्कं काम, म्हणजे सांधा फोडून मेश मारून गिलावा, पाऊस गेल्यावरच. बाहेरची भिंत सोसायटीची असल्याने त्यांचं पत्र लागेल, त्यासाठी फोटो आणि माझा लेखी अहवाल तुम्हाला देतो. आतून रंग मात्र चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) मागू नका. गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधायच्या वेळी भिंत डागाळलेली दिसेल याचं मलाही वाईट वाटतं, पण ओलावा मोजायच्या यंत्रावर ती कोरडी दाखवेपर्यंत मी ब्रश लावणार नाही. ते यंत्र या आठवड्यात घेतलं, आणि यापुढे कोणतीही पश्चिमेची भिंत बाहेरून बघितल्याशिवाय रंगाचा दर सांगणार नाही.

कपाटाची मागची फळी भुग्याच्या बोर्डाची आहे, ती पाणी पिऊन फुगली आहे, वाचणार नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी स्वतः दोन माणसं घेऊन येतो. ती फळी ओल्या फडक्यात गुंडाळून खाली नेऊ आणि कपाट आतल्या भिंतीला, चार बोटं जागा सोडून लावू. तेवढा वेळ मुलाला आणि कुत्र्याला आजीकडे ठेवा, आणि मुलाची गादी आधीच दुसऱ्या खोलीत काढून ठेवलीत तर बरं होईल.